दम मोजणारे निमकर सर

निमकर सर कुणाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, मागं कोण येऊन उभं राहिलंय, म्हणून तो वळून बघायचा. मीही पहिल्या दिवशी वळून बघितलं. मागं प्रयोगशाळेच्या मोरीचं दार होतं.

सांगलीच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, ते सत्तरच्या आगेमागे. सर गणित आणि संख्याशास्त्र शिकवायचे. मूळचे सातारचे, लग्न केलेलं नव्हतं, साताऱ्यात थोरली विधवा बहीण होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. दर शनिवारी दुपारची एसटी धरून सर साताऱ्याला जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पांढरा शर्ट, खाकी पँट, उजव्या पायाला सायकलची क्लिप. ती क्लिप वर्गातसुद्धा तशीच असायची. पोरं मागं हसायची. सरांना पत्ता नसायचा, किंवा असेलही, पण हसणाऱ्यांची तोंडं बघायची नाहीत म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

तोंडं न बघण्याला त्यांच्याकडं कारण होतं. एकदा चहा पिताना मी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तोंड बघितलं की मन आधीच निकाल लावून मोकळं होतं, जगदाळे. मग आकडा नुसता खाली सही करायला येतो."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. परीक्षेचे पेपर तपासायला घेण्याआधी शिपायाकडून प्रत्येक पेपरावरच्या नावावर वर्तमानपत्राचा तुकडा खळीनं चिकटवून घ्यायचे. त्यात एका वर्षी अक्काचाच पोरगा, म्हणजे सरांचा सख्खा भाचा, नापास झाला. कागद सोलल्यावर सरांना कळलं. दुसरा कुणी असता तर एखादा मार्क इकडचा तिकडं करून पोराचं वर्ष वाचवलं असतं. सरांनी निकाल लावला आणि शनिवारी नेहमीसारखे साताऱ्याला गेले. अक्का पुढं कित्येक शनिवार त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, भाकरी गरम द्यायची, पण अवाक्षर नाही. सर म्हणायचे, तिचं बरोबर आहे, आणि माझंही बरोबर आहे. दोघं बरोबर असल्यावर काय करायचं, हे काही गणितात येत नाही.

सातारच्या स्टँडवरची सांगलीची गाडी कायम उशिरा सुटते म्हणून सगळं जग बोंबलायचं. सरांनी एक अख्खा पावसाळा स्वतःच्या मनगटी घड्याळावर वेळा टिपल्या. शेवटी निघालं काय, तर गाडी अगदी वेळेवर सुटत होती, स्टँडवरचं भिंतीवरचं घड्याळ पुढं होतं. सर कंट्रोलरकडं हे सांगायला गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की साहेब, घड्याळ बदलायचं काय आमच्या हातात नाही, पण गाडी लवकर सोडायची तर सांगा, सोडतो. सर ही गोष्ट आम्हाला सांगून स्वतःच खूप हसायचे. हसताना डोळ्यांतून पाणी यायचं, चष्मा काढून पुसायचे. त्या वेळी मात्र त्यांचं तोंड आम्हाला नीट बघायला मिळायचं. बिनचष्म्याचे ते डोळे अगदी लहान पोराचे होते.

स्टाफरूममध्ये त्यांना फारशी किंमत नव्हती, हे सांगून टाकतो. कारण सर आपल्या विषयात राहायचे नाहीत. वनस्पतीशास्त्रवाल्यांच्या उसावर तांबेरा पडला की त्यात डोकं घालायचे, अर्थशास्त्रवाल्यांच्या हळदीच्या भावात डोकं घालायचे. त्यांचं म्हणणं, गणितानं गावातल्या न्हाव्यासारखं असावं, सगळ्यांच्या दारी जावं आणि कुणाच्या घरचं होऊ नये. यावर इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले होते की न्हाव्याला निदान बलुतं तरी मिळतं. झाली ती थट्टा. पण त्या थट्टेत जरा विषही होतं. आपल्याकडं एकाच विहिरीत राहिलेल्या बेडकांना बाहेर उडी मारणारा आवडत नाही.

तर असे सर माधवनगरच्या रस्त्याला खोली घेऊन राहायचे. तिथं जवळच एक सूतगिरणी होती. नाव सांगत नाही, आता सांगून काय उपयोग. खोलीसमोरच्या हॉटेलात पाळी सुटलेले कामगार चहाला बसायचे, सरही तिथंच बसायचे. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळी सुटली की कार्डिंग खात्यातली माणसं, म्हणजे जिथं कापूस पिंजून निघतो आणि धूळ उडते तिथली, बाकावर वाकून बसायची. छाती धरायची. खोकायची. दुसऱ्या दिवशी जरा कमी, आठवड्याच्या शेवटी जवळजवळ नाहीच. सुट्टी झाली की पुन्हा तेच.

गिरणीच्या वरच्या साहेबांचं मत ठरलेलं होतं, सुट्टीला ढोसतात, दुसऱ्या दिवशी नाटकं करतात. सरांनी हे मत एका कामगाराला सरळ ऐकवलं आणि खरं का म्हणून विचारलं. तो होता जोतिराम. जवळच्याच एका वाडीचा, चाळिशीतला, काटकुळा, बोलायला गोड माणूस. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आतली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली.

"आवं सर, मी माळकरी हाय. मी कशाची घेतुया? पन मंडेला माझीबी छाती आवळतीच की."

कामगार सोमवारला मंडेच म्हणायचे. झालं, सरांना तेवढंच पुरलं. न पिणारा माणूस तेवढाच आवळतो, म्हणजे कारण दारू नव्हे. तिथून सरांनी खाणंपिणं सोडलं म्हटलं तरी चालेल. त्या रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई दवाखाना चालवायच्या, त्यांना गाठलं. बाईंनी सांगितलं की हा कापसाच्या धुळीचा रोग आहे, पुस्तकात आहे, नवीन नाही. वेळेत माणूस धुळीतून बाहेर काढला तर सुधारतो, उशीर झाला तर फुप्फुस गेलं ते गेलं, कुठलंही औषध ते परत देत नाही. उपाय दोनच. खात्यात धूळ ओढणारे पंखे बसवायचे, आणि लागण झालेल्यांना त्याच पगारावर दुसऱ्या खात्यात घालायचं. गिरणीचे मॅनेजर हे ऐकून म्हणाले, पुरावा आणा. सर खुशीत परत आले. पुरावा म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट होती.

कुणाच्या छातीत किती हवा मावते ते मोजायचं, पाळीआधी एकदा, पाळीनंतर एकदा. कोण किती वर्षं कुठल्या खात्यात, ते मांडायचं. मग धूळ, वर्षं आणि श्वास यांचं एक समीकरण बसवायचं, म्हणजे आज धडधाकट दिसणारा पोरगा आणखी किती वर्षांनी बाकावर वाकून बसेल हे आधीच सांगता येईल. सरांचे डोळे हे सांगताना चमकायचे. यंत्र करायचं काम माझ्याकडं आलं. बाजारातून तेलाचे मोठे पत्र्याचे डबे आणले, एका डब्यात पाणी, त्यात दुसरा उपडा, वर कप्पी आणि वजन, खालून रबरी नळी. नळीत फुंकलं की उपडा डबा वर उचलला जायचा आणि शेजारच्या लाकडी पट्टीवर आकडा दिसायचा. कामगारांनी बघताक्षणी त्याचं नाव 'फुकणी' ठेवलं. चुलीची फुकणी असते ना, तीच.

आता यात सरांचा तोंड न बघण्याचा नियम आलाच. सरांनी यंत्राच्या मध्ये एक चादर टांगली. पलीकडं कामगार, अलीकडं आम्ही दोघं. नळी तेवढी चादरीखालून जायची. पलीकडं युनियनचा एक माणूस नाव पुकारायचा, आम्ही आकडा लिहायचा. डॉक्टरीणबाईंनी चादर बघितली आणि कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, मी आधी पेशंटचं तोंड बघते, ओठ निळे आहेत का बघते, तुम्ही तेच झाकलंत. सर म्हणाले, ओठ बघितले की मी कमी आकडा वाचेन. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पुन्हा तेच.

राहता राहिला शब्द. फुप्फुसांची धारणक्षमता असं म्हटलं की समोरचा माणूस हात जोडून निघून जायचा. सर शब्द शोधत होते आणि एक दिवस हॉटेलातून जवळजवळ पळत आले. सायकल तिथंच विसरले. "जगदाळे, सापडला. दम! श्वास म्हणजे दम, ताकद म्हणजे दम, धीर म्हणजेही दम. लोकांचाच शब्द आहे हो, आपण उगाच पुस्तकात शोधत होतो." आणि पेंटरकडून पाटी रंगवून आणली. 'दम मोजणे. सर्वांनी यावे.'

शब्द झकास होता, त्यात वाद नाही. पण हा मुलूख कसला आहे ते ध्यानात घ्या. कुस्तीचा. वाडीवाडीला तालीम, घराघरात एखादा पैलवान, आणि ज्याच्या घरात पैलवान नाही त्याच्या घरात फौजी. 'तुझ्यात दम हाय का?' हे इथं लांग चढवून म्हणायचं वाक्य. आणि मोजणीला जागा मिळाली ती कुठं, तर गिरणीमागच्या तालमीत. युनियनकडं दुसरी जागाच नव्हती. लाल मातीच्या हौद्याशेजारी फुकणी, भिंतीवर मुदगलं, आणि बाहेर पाटी, दम मोजणे. सरांना तिथली हवा खेळती वाटली, एवढंच.

पहिल्या खेपेला थोडीच माणसं आली, बरीचशी जोतिरामनं हाताला धरून आणलेली. तो घरोघर फिरला. आपल्यासाठीच हाय रं गड्या, पंखं बसत्याल, असं समजावत फिरला. आकडे आले ते आम्ही धसकून जावं असे. कार्डिंगची माणसं बाकीच्या खात्यांपेक्षा निम्म्याजवळ होती, आणि पाळीनंतर आणखी खाली. जोतिराम तर फुंकता फुंकता थांबला, आम्हाला चादरीपलीकडून नुसतं धापणं ऐकू आलं. सरांनी आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "आता यांना नाही म्हणता येणार नाही."

आणि इथं सरांनी ती गोष्ट केली. वर्गात जसा निकाल लावतात तसा त्यांनी हा निकाल नावासकट तालमीबाहेरच्या फळ्यावर लावला. ज्याचं मोजलं त्याला त्याचा आकडा कळायला हवा, लपवाछपवी नको, हा त्यांचा प्रामाणिकपणा. हा प्रामाणिकपणा आठवला की मला अजून राग येतो. कुणावर येतो ते कळत नाही. माणसं जत्रेतल्या कुस्तीचा निकाल वाचावा तशी तो फळा वाचायला लागली. पाळी सुटली की फळ्याखाली हशा. अमक्याचा दम तमक्याच्या निम्मा. अमक्याला बायको फुकून देते का विचारा. सरांना वाटलं, लोकांना गोडी लागलीय.

जोतिरामची थोरली पोरगी शालन लग्नाची होती. सोयरीक जमत आली होती. मुलाकडचा एकजण गिरणीत कामाला होता, त्यानं फळा वाचला आणि गावी जाऊन सांगितलं की पोरीच्या बापाला दम न्हाई, दमेकरी दिसतुया. दमा म्हणजे घरात राहणारा रोग, पोरीतही उतरेल, या समजापुढं कुणाचं चालतं? पाहुण्यांनी नारळ परत पाठवला. जोतिरामनं आम्हाला यातलं काही सांगितलं नाही. नेहमीसारखा हॉटेलात यायचा, सर, चा घेता का, म्हणायचा. आम्हाला कळलं ते फार पुढं.

मॅनेजरांनी पहिले आकडे बघून सांगितलं की एवढ्याशा माणसांवर काय ठरतं? सगळ्या खात्यांचं मोजा, आमचे वरचे चौकशी साहेब मुंबईहून येतील, त्यांच्यासमोर मोजा. आकडे असेच आले तर पंखे बसवू. हे त्यांनी लिहून दिलं. सरांनी तो कागद मला आणून दाखवला. एका आयुष्यात माणसानं केलेल्या बेरजा-वजाबाक्यांमधून एक तरी पंखा फिरावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्या शनिवारी ते साताऱ्यालाही गेले नाहीत.

दुसरी मोजणी झाली. साहेब खुर्ची टाकून आमच्या बाजूला बसले. चादर तीच, पलीकडं नावं पुकारणं तेच. कार्डिंग खातं सुरू झालं आणि डबा असा काही वर उडायला लागला की कप्पी कुरकुरली. आकडे भलेमोठे. पाळीनंतर पुन्हा तेवढेच. जोतिरामचं नाव पुकारलं, डबा पट्टीच्या टोकाला गेला. साहेब हसले आणि म्हणाले, प्रोफेसर, तुमच्या कापसाच्या धुळीत टॉनिक आहे वाटतं. सरांनी मान वर केली नाही. आकडा आला तो लिहिला. डोळ्यांसमोर आलेला आकडा न लिहिणं हे त्यांच्या हातून झालंच नसतं.

साहेबांच्या अहवालात सरांचंच कोष्टक होतं. गिरणीतली सगळ्यांत दमदार माणसं कार्डिंग खात्यात, असा निष्कर्ष निघाला आणि तसा कागद गेटवर चिकटला. पंख्यांचा विषय मिटला.

सर दोन्ही खेपांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बसायचे. जेवायचे नाहीत. मग एक दिवस म्हणाले, हे आकडे या माणसांचे नाहीत, चला, जोतिरामकडं जाऊ.

वाडीत पोचलो तेव्हा दुपार होती. जोतिराम अंगणात बाजेवर बसला होता, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्हाला बघून उठायला गेला आणि उठता आलं नाही. एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होता. सरांनी त्या दिवशी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. ओठ निळसर होते. तेवढ्यात उसाच्या वाड्याचा, म्हणजे शेंड्याच्या चाऱ्याचा, भारा डोक्यावर घेऊन एक गडी आत आला, भारा टाकला आणि घाम पुसत उभा राहिला. रुंद छाती, चिरडलेले कान. जोतिरामचा धाकटा भाऊ शिवा, तालमीतला गडी. सर त्याच्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "तुम्ही आला होता का हो, मोजणीला?"

शिवा लपवण्यातला नव्हता. उलट त्याच्या आवाजात जरा ऐटच होती. "व्हय की. दाद्याच्या नावानं मीच फुकली. पोरीचं एकदा मोडलं हुतं सर, त्या फळ्यामुळं. दुसऱ्यांदा मोडू द्यायचं हुतं व्हय?"

तेव्हा आम्हाला नारळ परत आल्याचं कळलं. जोतिराम मान खाली घालून बसला होता. खोकला ओसरल्यावर हळू बोलला, "सर, म्हनलं माझ्या एकट्याच्या फुकीनं काय बिगडतंय? बाकीच्यांचं हायच की. त्यांच्या आकड्यावर पंखं बसत्याल."

सर बाजेच्या कडेवर बसले. कार्डिंगमधल्या प्रत्येकानं हेच म्हटलं होतं. नंतर आम्ही एकेकाकडं जाऊन आलो, कुणी भाऊ पाठवला होता, कुणी मेव्हणा, कुणी सुट्टीवर आलेला फौजी पुतण्या. कुणाला पोरगी उजवायची होती, कुणाला पोराचं लग्न करायचं होतं, एकाला नुसता फळ्याखालचा हशा सोसवत नव्हता. एकानं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, खोटं आपलं एकट्याचंच आहे. नावं पुकारणाऱ्याला सगळं दिसत होतं, पण तोही त्याच गावचा, तो कुणाच्या पोरीच्या आडवा येणार? चादरीमुळं फसलो तेवढे आम्ही.

मला वाटलं, सर आता तडक जाऊन साहेबांना खरं सांगतील. त्यांनाही तेच वाटलं होतं. तसं ते बोलले तेव्हा जोतिरामनं त्यांचे पाय धरले. सरांनी पाय मागं घेतले, पण त्यानं सोडले नाहीत. "सर, लिवू नगा. फसवलं म्हनून समद्या कार्डिंगवाल्यांस्नी गेटाभाईर काढत्याल. आनि शालनचं आता जमलंया. त्या गेटावरच्या कागदानंच जमलंया."

खरं सांगावं तर माणसांच्या नोकऱ्या जातात, पोरींची लग्नं मोडतात. न सांगावं तर ती तिथंच धुळीत उभी राहून मरतात. घरी येताना सर सायकल हातात धरून चालत होते, बसले नाहीत.

एक मार्ग त्यांनी काढला. नावं न घेता पुन्हा मोजायचं. साहेबांना जाऊन सांगितलं की यंत्रात दोष होता, डबा चिरला होता, आकडे चुकीचे आले, सगळी चूक माझी. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं असावं, आणि तेही धड बोलता आलं नसणार. साहेबांनी विचारलं, पहिल्या खेपेला तुमच्या मनासारखे आकडे आले तेव्हा यंत्र बरोबर होतं, आणि आता बिघडलं होय? पुन्हा मोजायला परवानगी मिळाली नाही. साहेब बरोबर बोलत होते हो, हेच तर दुखणं. दुसऱ्या कुणी असा दावा केला असता तर सरांनी स्वतःच हा प्रश्न विचारला असता. हा शेरा पुढं कॉलेजपर्यंत पोचला. स्टाफरूममध्ये काही दिवस 'चिरलेला डबा' हा विनोद चालला. प्राचार्यांनी बोलावून गणितवाल्यांनी गणित करावं असं सांगितलं.

डॉक्टरीणबाई वाडीपर्यंत जाऊन जोतिरामला औषध देत होत्या. त्या एवढंच म्हणायच्या की उशीर झालाय. त्याचं कामावर जाणं थांबलं नाही. पोरीच्या लग्नाआधी बाप घरी बसला असं दिसायला नको होतं. थंडीत एका सोमवारी पाळी सुटल्यावर तो त्याच हॉटेलच्या बाकावर बसला आणि उठला नाही. सर समोरच होते. त्यांनी त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते बाहेर आलं. गिरणीच्या कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं. दम उत्तम असलेल्या माणसाला दुसरं काय होणार?

सरांनी त्याच टर्मअखेर राजीनामा दिला आणि साताऱ्याला अक्काकडं गेले. मी एकदा भेटायला गेलो होतो. खिडकीत बसले होते. काही मोजत नव्हते, काही लिहीत नव्हते. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, आता हा भाजीतलं मीठसुद्धा कमी-जास्त म्हणत नाही. माझ्यासमोर रडली बिचारी. भाच्याच्या पेपरावरून ज्या अक्कानं अबोला धरला, तीच म्हणत होती की पहिल्यासारखा हटवादी झाला तरी चालेल.

शालनचं लग्न वर्षाच्या आतच करायचं ठरलं. शिवा स्वतः साताऱ्याला जाऊन सरांना आवतण देऊन आला. ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आले. शर्ट इस्त्रीचा, पायाला क्लिप नव्हती, केस सगळे पांढरे. मांडवाच्या कडेला आम्ही दोघं बसलो. अक्षतांना वेळ होता. मुलाचा चुलता, फौजेतून आलेला हवालदार, भरघोस मिशा, आमच्या शेजारी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला की तुमी गिरनीत मोजणी केलेले सर ना? मग एक सांगा. लोक कायबाय बोलत्यात, पोरीच्या बापाला दमा हुता म्हनत्यात. कागद बघितलाय आमी, पन कागदाचं काय खरं न्हाई. तुमी शिकलेलं, तुमी खोटं सांगायचा न्हाई. त्याच्यात दम हुता का न्हवता?

शिवा लांबून बघत होता. त्याच्या हातातलं पानसुपारीचं तबक तिथंच थांबलं.

सर म्हणाले, "चांगला दम होता. मी स्वतः मोजलाय."

हवालदारानं समाधानानं मान हलवली, मिशीवरून हात फिरवला आणि उठून वाजंत्र्यांना हात केला. अक्षता पडल्या. शिवा आमच्याकडं आला, त्यानं सरांचा हात धरला आणि जेवून जा म्हणाला. सर नको म्हणाले.

मी त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेलो. ऊन मी म्हणत होतं. लांबून गाडीची धूळ दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "जगदाळे, आता तो आकडा मलाही खोडता येणार नाही."

गाडी थांबली. ते चढले आणि खिडकीत बसले. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं, ते पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत होते. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. त्या गिरणीतल्या कार्डिंग खात्यात मी सांगली सोडेपर्यंत पंखे बसलेले नव्हते. गेटवरच्या कागदाची शाई उन्हानं उडाली, तरी तो कुणी काढला नव्हता.